लाभार्थी समाधानी आहेत

माणसं कमी आहेत असं वर कळवायचं, तर ते पत्र लिहायलासुद्धा एक माणूस मोकळा लागतो, आणि आमच्या ऑफिसात नेमका तोच नव्हता. हा विनोद माझा. तिथे तो कुणालाही आवडला नाही, कारण मी सोडून सगळे निवृत्त फौजी होते, आणि फौजी माणसाला आपल्या तुकडीवर केलेली थट्टा सहन होत नाही.

हैदराबादेत, हिमायतनगरच्या एका गल्लीत, जुन्या सरकारी इमारतीच्या तळमजल्यावर, माजी सैनिकांच्या हक्काच्या अर्जांचं काम चालायचं. त्यांचं पेन्शन, त्यांच्या विधवांचं पेन्शन, जुन्या जखमांचे दावे, सगळं आमच्याकडून पुढे जायचं. मी तिथे कंत्राटावर कॉम्प्युटरला बसायचे. घर काचीगुड्याला, शेअर ऑटोचा एक टप्पा, म्हणून नोकरी धरली. आमच्या घरात पणजोबांपासून सगळे याच शहरात सरकारी नोकरीत. त्यामुळे मराठी, तेलुगू, हिंदी आणि इथली दखनी, चारही भाषा सारख्याच येतात. अर्जदार कुठल्याही भाषेत रडला तरी मला कळलं असतं. पण रडणारे फारसे येतच नसत.

आम्ही चौघं होतो. एके काळी त्या खोलीत दुप्पट माणसं बसत असावीत, हे भिंतीला लावून ठेवलेल्या रिकाम्या टेबलांवरून दिसायचं. प्रमुख होते सुभेदारसाहेब. मूळचे करीमनगरकडचे तेलुगू, पण जन्म फौजेत गेल्यामुळे हिंदीतच बोलायचे, आणि घरी बायकोशीही हिंदीतच भांडत असावेत. बाकी दोघं कारकून, तेही फौजेतून आलेले. आमची नेमणूक एका वर्षाच्या मंजुरीवर. दर मार्चला मंजुरी संपायची, नवी यायला उन्हाळा सरायचा, आणि मधल्या काळात आम्ही नोकरीत आहोत की नाही हे कुणालाच ठाऊक नसायचं. तरी आम्ही जायचो. सुभेदारसाहेब म्हणायचे, ‘पोस्ट छोड के नहीं जाते, मॅडम.’ मी मनात म्हणायचे, पोस्ट आहे कुठे सोडायला?

अर्ज ऑनलाईन झाले आहेत असं पेपरात छापून आलं होतं. ऑनलाईन म्हणजे काय, तर म्हाताऱ्यांनी पिशवीतून कागद आणून द्यायचे आणि मी ते स्कॅन करून चढवायचे. एक प्रकरण नीट चढवायला अर्धा दिवस जायचा, आणि अर्ध्या दिवसात आणखी पिशव्या यायच्या. गठ्ठे टेबलांवर मावेनात म्हणून खुर्च्यांवर गेले, खुर्च्यांवरून जमिनीवर आले. शेवटी शेवटी आम्ही त्यांच्यामधून अंग चोरून चालायचो. वरच्या ऑफिसला माणसं मागितली की दर वेळी वाटाण्याच्या अक्षता. मी तर हात टेकले होते.

हवालदारकाका माझ्या टेबलाशी कधीपासून यायला लागले ते नेमकं आठवत नाही. उदगीरकडचे. तोफखान्यातून निवृत्त झाल्यावर हैदराबादेत एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभे राहिले आणि अंबरपेटला घर करून इथलेच झाले. मी मराठी बोलते हे कळल्यापासून दुसऱ्या टेबलाकडे जाईनात. तोफांच्या आवाजाने त्यांचा डावा कान गेला होता, म्हणून ते नेहमी उजवी बाजू पुढे करून बसायचे. फौज सोडताना डॉक्टरने विचारलं होतं, ऐकायला येतं का? हे म्हणाले होते, येतं साहेब. झालं, कानाचं पेन्शन तिथेच बुडालं. मला हे त्यांनी सांगितलं तेही तक्रार म्हणून नाही. मी डाव्या बाजूने बोलत होते आणि त्यांना ऐकू येत नव्हतं, एवढ्यासाठी.

त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी असायची. चाळिशीची बाई, पण समज चार-पाच वर्षांच्या पोरीची. काका तिला ‘माय’ म्हणायचे. बायको करोनात गेली, तेव्हापासून तिला घरी एकटीला ठेवता येत नव्हतं. ती बाकावर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलायची, दाणे सगळ्यांना वाटायची, टरफलं मात्र कुणाला टाकू द्यायची नाही. आंघोळ, वेणी, कपडे, सगळं काका करायचे. केसांशी त्यांचं काही जमत नसे. एकदा मला राहवलं नाही, मी माझ्या पर्समधला कंगवा काढला आणि तिची वेणी घालून दिली. त्यानंतर ती आली की सरळ माझ्याकडे पाठ करून बसायची.

काकांना स्वतःसाठी काहीच नको होतं. त्यांच्यामागे या मुलीला जन्मभर पेन्शन मिळावं, एवढंच त्यांचं काम. तशी सोय नियमात आहे. मुलगी आपल्या पोटापुरतं मिळवू शकत नाही असं सरकारी डॉक्टरांनी लिहून द्यायचं, ते फौजेच्या कागदांत चढवून घ्यायचं, आणि तिच्या वतीने पैसे उचलून तिला सांभाळणाऱ्या पालकाचं नाव द्यायचं. वडिलांच्या हयातीत हे झालं तर ते गेल्यावर पेन्शन सुरळीत सुरू होतं. नाही झालं, तर ते गेल्यावर सगळं तिने करायचं. आणि तिला आपला वाढदिवससुद्धा सांगता येत नव्हता.

डॉक्टरांनी तिला दाखला दिला होता, पण कायमचा नाही, ठरावीक मुदतीचा. का, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. ती काय पुढच्या वर्षी शहाणी होणार होती? काकांनी कागद आणून दिले, ते आमच्या गठ्ठ्यात गेले. गठ्ठ्यातून वर येईपर्यंत दाखल्याची मुदत संपली. पुन्हा दवाखाना, पुन्हा रांग, पुन्हा नवा दाखला, पुन्हा गठ्ठा. दुसऱ्यांदा आम्ही वेळेत पुढे पाठवला, तर वरच्या ऑफिसातही आमच्यासारखीच कमी माणसं. तिथे मुदत संपली आणि शेरा मारून परत आला. आता तिसरा दाखला होता. एक माणूस जरी जास्त असता तरी हे काम एका हिवाळ्यात संपलं असतं, यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. मी काकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, ‘हौ ताई, तुम्ही तरी किती करणार.’ त्यांनी थोडी आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग एकदा खरंच चांगली बातमी आली. अशा ऑफिसांना जास्तीची माणसं देण्यासाठी सरकारने निधी ठेवला होता, आणि कुणाला किती गरज आहे हे बघायला एक समिती फिरणार होती. आमच्याकडेही येणार होती. सुभेदारसाहेबांनी पत्र उभं राहून वाचलं. मी त्या दिवशी घरी जाताना नारायणगुड्याला उतरून जिलबी घेतली, सासूबाईंनाही थोडी भरवली. त्या अंथरुणाला खिळलेल्या, गोड खायची बंदी, पण मी म्हटलं, खाऊ देत.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचले तर आवारातल्या दगडांना गेरू लावणं चाललं होतं. एक दगड गेरूचा, एक चुन्याचा, ओळीने, फाटकापासून पायरीपर्यंत. दोघं कारकून, साठीचे बाप्ये, बाह्या सरसावून ब्रश मारत होते. ते ठीक आहे, म्हटलं, हौस. पण आत गेले तर सुभेदारसाहेब गठ्ठे जुन्या चादरींत बांधत होते. मागे एक खोली होती, फुटक्या खुर्च्यांची. तिथे सगळे गठ्ठे हलवायचे, कुलूप लावायचं, आणि पुढच्या खोलीत प्रत्येक टेबलावर फक्त एक फाईल, एक पेन आणि पाण्याचा ग्लास ठेवायचा, असा हुकूम.

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, ‘साहेब, अहो ते हे ढीग बघायलाच येतायत ना! ढीग दिसला तर माणसं देतील. तुम्ही ढीगच लपवताय?’

सुभेदारसाहेब शांतपणे गाठ मारत म्हणाले, ‘मॅडम, इन्स्पेक्शन इन्स्पेक्शन होता है. कमरा गंदा दिखेगा तो साहब बोलेंगे, इनसे एक कमरा नहीं सँभलता, ये और आदमी क्या सँभालेंगे?’

त्यांच्या आख्ख्या आयुष्यात साहेब आले की सगळं चकाचक दिसलं पाहिजे, हेच एक काम त्यांना नीट शिकवलं गेलं होतं. गरज दाखवायची असते ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हती. गरज म्हणजे त्यांच्या लेखी ढिसाळपणा. मी भांडले. आवाज चढवला. ‘तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय, आणि त्या धोंड्याला गेरूही लावताय,’ असंही बोलून गेले. दोघा कारकुनांपैकी हैदराबादचे जे होते ते मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘मॅडम, इत्ता गुस्सा नक्को. साब लोगां आते, चाय पीते, खुश होके जाते. काम हो जाता.’ एकानेही माझं ऐकलं नाही. मी संतापाने एकही गठ्ठा उचलला नाही, एवढंच काय ते माझं बंड.

समितीच्या दिवशी सुभेदारसाहेबांनी काही अर्जदारही बोलावून ठेवले होते, कारण समितीला त्यांच्याशी बोलायचं होतं. त्यात हवालदारकाका होते. आदल्या दिवशी मी त्यांना बजावलं. म्हटलं, काका, उद्या मोठे साहेब येतील, तुम्हाला विचारतील. तीनदा दाखला काढावा लागला, किती वर्षं झाली, सगळं सांगा. मुलीलाही घेऊन या. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, चला, निदान हा एक माणूस खरं बोलेल, आणि एकाच्या बोलण्यानेही पुष्कळ होईल.

साहेब आले. बरोबर दोघं हिशेबखात्याचे, वह्या घेऊन. साहेब भला माणूस होता, हे मला सांगायलाच हवं. आखडू नव्हता. खोलीभर नजर फिरवून म्हणाले, ‘बहुत बढ़िया रखा है.’ सुभेदारसाहेबांची छाती इंचभर फुगली. मग साहेब बाकाकडे वळले. हवालदारकाका ताडकन उभे राहिले होते, टाचा जुळवून, हात पँटच्या शिवणीला. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. शेजारी मुलगी, तिने त्यांच्या शर्टाचं टोक धरलेलं. साहेबांनी दोघांकडे नीट बघितलं, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, ‘हवालदार साब, कोई तकलीफ़?’



‘नहीं साहब!’ काका म्हणाले, खणखणीत. ‘सब ठीक है साहब!’

साहेब हसले. हिशेबखात्याच्या एकाने वहीत काहीतरी टिपलं. मला राहवलं नाही. मी खुर्चीतून उठून म्हणाले, ‘सर, पीछे का कमरा भी देख लीजिए.’ मुलीने हातातली शेंग फोडली, तिचा आवाज खोलीभर ऐकू आला. साहेबांनी सुभेदारसाहेबांकडे पाहिलं. सुभेदारसाहेब म्हणाले, ‘स्टोअर है सर, पुराना फर्निचर.’ आणि साहेब चहाकडे वळले. माझ्याकडे बघून ते जाता जाता हसले, बायका नीटनेटकेपणासाठी फार धडपडतात, अशा अर्थाचं काहीतरी. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

ते गेल्यावर मी काकांवर तुटून पडले. म्हटलं, काका, काय केलंत हे? काल एवढं सांगितलं होतं! काका गोंधळले. उजवा कान पुढे करून त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘ताई, साहेबानं खांद्यावर हात ठेवून इचारलं. इतक्या वर्षांत कुणी असं इचारलं नाही. आता एवढ्या मोठ्या माणसापुढं आपलं रडगाणं कसं लावावं? जीभच वळली नाही बघा.’

‘अहो, पण मुलीचं?’

‘त्यांनी आपल्या डोळ्यानं बघितलं की तिला,’ ते म्हणाले. ‘बघितल्यावर कळतंच की.’

त्यांना खरंच तसं वाटत होतं. साहेबाने बघितलं आहे, म्हणजे साहेबाला कळलं आहे, म्हणजे आता होणार. ते त्या दिवशी खुशीत घरी गेले.

समितीचा निर्णय यायला पावसाळा उजाडला. काम समाधानकारक, प्रलंबित प्रकरणं नगण्य, लाभार्थ्यांशी प्रत्यक्ष बोलणं झालं, लाभार्थी समाधानी आहेत. जास्तीच्या माणसांची गरज नाही. इतकंच नाही, तर आहेत त्या चौघांचीही गरज उरलेली नाही, पुढच्या मंजुरीत एक जागा पुरेशी आहे, आणि ती दुसऱ्या ऑफिसातला माणूस आठवड्यातून एक-दोन दिवस येऊन भागवेल. निधी दुसरीकडे गेला. कुठे गेला असेल त्याचा मी पुष्कळ विचार केला. ज्या ऑफिसात ढीग उघड्यावर पडले होते आणि म्हातारे ओरडत होते, अशा कुठल्यातरी ऑफिसला मिळाला असेल. त्यांचं भलं होवो.

सुभेदारसाहेबांनी ते आम्हाला वाचून दाखवलं. ‘समाधानकारक’ या शब्दाशी त्यांचा आवाज किंचित वर गेला, अभिमानानेच. पुढचं वाचताना तो खाली आला. वाचून झाल्यावर त्यांनी कागद सरळ घडी करून खिशात ठेवला आणि दगडांजवळ जाऊन उभे राहिले. मी त्यांना टोचून बोलायचं ठरवून ठेवलं होतं, पण त्यांच्याकडे बघून बोलवेना. ते आता करीमनगरला परत गेले आहेत. गठ्ठे अजून त्या मागच्या खोलीत असतील, चादरींसकट. कुणाला किल्ली दिली की नाही, मला माहीत नाही.

मला कोठी भागातल्या एका दवाखान्यात काम मिळालं, आलेल्या पेशंटांची नावं घ्यायचं. घरी सासूबाईंचं दुखणं वाढलं. माझा मुलगा गच्चीबावलीला राहतो, रविवारी येतो, आईचं मराठी अर्धवट समजून घेतो आणि ‘मम्मी, चिल’ म्हणतो. मी चिल असते. काय करणार?

मागच्या थंडीत हवालदारकाका घरी आले. पत्ता मी कधीतरी दिला होता. मुलगी बरोबर. तिला मी ओळखीची वाटले, पण नीटशी नाही. काका खूप वाळले होते, शर्टाच्या आत माणूस कमी झाला होता. मी चहा टाकला. त्यांनी सांगितलं, तिसऱ्या दाखल्याचीही मुदत संपली. ऑफिसात गेलं की दार बंद असतं, नाहीतर नवा माणूस म्हणतो, ऑनलाईन करा. डॉक्टरने त्यांच्याच पोटात काहीतरी सांगितलं होतं. काय, ते त्यांनी नुसतं हाताने दाखवलं. पालक म्हणून उदगीरच्या भावाचं नाव दिलं होतं, तो दिवाळीत गेला. पुतण्या म्हणाला, आम्हाला जमायचं नाही.

मग त्यांनी कप खाली ठेवला. मला कळायला हवं होतं, पण कळलं नाही. माझ्यापुढे ते सरळ होऊन बसले आणि म्हणाले, ‘ताई, पालक म्हणून तुमचं नाव लिहू का? माझ्यामागं हिला तुम्ही ठेवून घ्याल का? ती तुमचं ऐकते.’

आतल्या खोलीतून सासूबाईंची हाक आली. मी उठले नाही. आमच्या दोन खोल्या, त्यातली एक सासूबाईंची. नवऱ्याचं बीपी, माझे गुडघे, दवाखान्याची दिवसभराची नोकरी. त्या मुलीला आंघोळ घालायची, तिच्यामागे फिरायचं, मी साठीच्या पुढे गेल्यावरही फिरायचं, आणि मग माझ्यामागे कुणी? हे सगळं क्षणात डोक्यातून गेलं. खोटं आश्वासन द्यावं असंही मनात आलं. पण त्यांना या वयात आणखी एक खोटं कशाला? मी म्हणाले, ‘नाही काका. मला नाही जमणार.’

त्यांचा चेहरा बदलला नाही. ‘बरोबर आहे,’ म्हणाले. मला वाटलं आता उठतील. त्यांच्या स्वभावाला धरून ते उठायलाच हवे होते. पण ते उठले नाहीत. मुलगी बशीतली बिस्किटं एकावर एक रचत होती, तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं, आणि उजवा कान माझ्याकडे करून विचारलं, ‘मग ताई, तुमच्या ओळखीत दुसरं कुणी हाय का?’

मी विचार केला. तोंडदेखला नाही, खरंच केला. गल्लीतल्या एकेका दारावरून मनाने फिरून आले. माहेरची माणसं आठवली, मराठी मंडळातल्या बायका आठवल्या, दवाखान्यातल्या नर्स, सुभेदारसाहेब, तो हसणारा साहेबसुद्धा. काका वाट बघत होते, अजिबात घाई न करता.

‘नाही हो काका,’ मी म्हणाले. ‘कुणीच नाही.’